विमा कंपनीला फसवले, पण भरपाई कोण देतो?

गाडीच्या विम्याची तारीख जवळ आली की आपल्या बाजारात एकच तक्रार ऐकू येते. हप्ता भरायचा हजारोंनी, आणि अपघातानंतर पैसे मागायला जावे तर कंपनी शंभर कागद मागते. ही तक्रार खोटी नाही. परंतु त्याच बाजारात, त्याच ओट्यावर बसून दुसरे एक वाक्यही सहज बोलले जाते, "विमा आहे ना सेठ, मग खिशातून कशाला घालता? कंपनीकडून काढून घेऊ." पहिल्या तक्रारीचे एक मोठे कारण या दुसऱ्या वाक्यात दडलेले आहे. त्याबद्दल आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

प्रथम विम्याचा हिशेब समजून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्या कोणाचा जीव गेला, कोणी जखमी झाला, तर त्याला भरपाई मिळावी म्हणून हा विमा. तो नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा हा वेगळा भाग असून तो ऐच्छिक आहे.

थर्ड पार्टीचे दर कंपनी ठरवत नाही. केंद्राचे रस्ते वाहतूक मंत्रालय विमा नियामक प्राधिकरणाच्या सल्ल्याने ते जाहीर करते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये, तर साडेसात टनांपर्यंतच्या भाड्याने माल वाहणाऱ्या टेम्पोला १६,०४९ रुपये ठरले. जीएसटी त्यावर वेगळा. स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मात्र २००७ पासून खुले झाले, ते प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने ठरवते. दोन्ही ठिकाणी हिशेबाचा पाया एकच, तो म्हणजे मागल्या वर्षांत किती दावे आले आणि किती पैसे द्यावे लागले. या आकड्यात खरा दावा आणि पचलेला खोटा दावा एकत्रच मोजला जातो.

आपल्या मोहल्ल्यात भिशी चालते. वीस जण पैसे टाकतात, एक जण वही सांभाळतो. त्यांतल्या एकाने रक्कम उचलून पोबारा केला तर वही सांभाळणारा आपल्या घरून भरत नाही, उरलेल्या एकोणीस जणांनाच ते सोसावे लागते. विमा कंपनी ही वही सांभाळणारी आहे. ती आपला खर्च आणि नफा आधी काढून घेते, हे कबूल. परंतु मूळ रक्कम तुमची, माझी, रिक्षावाल्याची आणि गाठी वाहणाऱ्या टेम्पोवाल्याची आहे. कंपनीला फसवले असे म्हणणारा प्रत्यक्षात भिशीतल्या शेजाऱ्याच्या खिशात हात घालतो.

लबाडीचे मार्ग

सर्वांत साधा मार्ग गॅरेजमध्ये सापडतो. गाडीचा बंपर फुटला, पण दरवाज्यावर दोन वर्षांपूर्वीचा ओरखडा आहे. गॅरेजवाला म्हणतो, दोन्ही एकाच अपघातात दाखवू. विम्याच्या नियमाप्रमाणे प्लास्टिक व रबराच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे नव्या बंपरची निम्मी किंमत मालकाने द्यायची असते. तीही देण्याची इच्छा नसते, म्हणून बिल फुगवले जाते. दुरुस्त केलेला भाग बदललेला दाखवतात, जुना बसवून नव्याची पावती जोडतात. मालक खूश, गॅरेजवाला खूश. दावा ५० हजारांच्या वर गेला तर परवानाधारक सर्व्हेअर तपासणीला येतो, म्हणून पुष्कळ बिले त्या रकमेच्या खाली ठेवण्याची काळजी घेतली जाते.

दुसरा मार्ग ड्रायव्हर बदलण्याचा. गाडी चालवत होता लायसन्स नसलेला मुलगा, कागदावर दाखवला जातो बाप किंवा दुकानातला नोकर. तिसरा मार्ग नो क्लेम बोनसचा. एक वर्ष दावा केला नाही तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, ती वाढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जाते. दावा घेतला की सूट शून्यावर येते. अशा वेळी एजंट कंपनी बदलतो आणि अर्जात 'मागील वर्षी दावा नाही' असे लिहून टाकतो. मालकाला दोन-तीन हजार वाचल्याचा आनंद होतो. पुढे खरोखर मोठा अपघात झाला की नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते, खोटे उघड होते आणि दावा अडकतो किंवा फेटाळला जातो. चौथा प्रकार खासगी मोटार म्हणून विमा उतरवून गाडी भाड्याने चालवण्याचा. लग्नसराईत आणि रमजानमध्ये अशा गाड्या किती धावतात हे आपण सर्व जाणतो.

पाचवा प्रकार सर्वांत वाईट, कारण त्यात गाडीमालक स्वतःच बळी ठरतो. तो म्हणजे बनावट पॉलिसी. एजंट टेम्पोवाल्याला सांगतो, दुसरीकडे सोळा हजार पडतील, मी दहा हजारांत करून देतो. मग टेम्पोच्या नंबरावर दुचाकीची पॉलिसी ऑनलाइन काढली जाते. १५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलचा थर्ड पार्टी दर २०२२ च्या पत्रकात ७१४ रुपये आहे. आलेल्या पीडीएफवर कॉम्प्युटरने वाहनाचा प्रकार आणि रक्कम बदलली की झाले काम. कंपनीचे नाव खरे, शिक्का खरा, नंबर टाकला तर विमा असल्याचेही दिसू शकते. एजंटच्या खिशात नऊ हजारांहून अधिक रक्कम जाते आणि टेम्पोवाला वर्षभर विम्याविना फिरतो.

अपघात झाल्यावर काय होते? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कंपनी सांगते की या टेम्पोचा विमा आम्ही उतरवलेलाच नाही. ते सिद्ध झाले की भरपाईचा बोजा मालकावर आणि ड्रायव्हरवर पडतो. कर्त्या माणसाचा मृत्यू झाला असेल तर ही रक्कम लाखांत जाते. कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे सहा हजार वाचवायला निघालेल्या माणसाचे घर आणि दोन लूम जप्तीच्या यादीत येऊ शकतात. मृताच्या कुटुंबालाही ते पैसे वेळेवर मिळत नाहीत, कारण टेम्पोवाल्याकडे असतातच किती?

उभी केलेली गाडी

आणखी एक प्रकार आहे, ज्यात वकील, पोलीस ठाण्यातले हात आणि दलाल असे सर्व सामील असतात. एखाद्याला अज्ञात वाहनाने उडवले. फिर्यादीत वाहनाचा नंबर नाही. काही आठवड्यांनी अचानक एक साक्षीदार उगवतो, त्याला नंबर आठवतो. ती गाडी विमा असलेली असते आणि तिचा मालक दलालाच्या ओळखीचा असतो. त्याला सांगितले जाते की तुमच्या खिशातून एक पैसा जाणार नाही, कंपनी भरेल, तुम्हाला तुमचा हिस्सा मिळेल.

उत्तर प्रदेशात अशा खोट्या दाव्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०१५ रोजी विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२१ मध्ये तेथे सादर झालेल्या माहितीप्रमाणे या पथकाकडे १,३७६ संशयास्पद दावे आले होते. संशयितांत वकीलही होते. न्यायालयाने राज्याच्या बार कौन्सिलला कडक शब्दांत सुनावल्यानंतर २८ वकिलांच्या निलंबनाची कारवाई झाली. ज्यांनी कायद्याचे रक्षण करायचे त्यांचीच नावे यादीत आली, ही गोष्ट केवळ एका राज्याने लाज वाटून घेण्यासारखी नाही.

या व्यवहारात ड्रायव्हर मात्र फुकट मारला जातो. त्याला दहा-वीस हजार देऊन सांगतात, तुझे नाव फक्त कागदावर राहील. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या गुन्ह्याला पूर्वी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत आहे. जो अपघात त्याने केलाच नाही त्यासाठी तो तारखांना जातो, रोजी बुडते, लायसन्स धोक्यात येते. हे ड्रायव्हर बहुतेक आपल्याच वस्त्यांतले गरीब तरुण असतात, हे विसरू नका.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागेल. ज्या घरातला कर्ता पुरुष अज्ञात वाहनाखाली गेला, त्या घराला कायद्याने फार थोडे दिले. मृत्यूसाठी पूर्वी फक्त २५ हजार रुपये मिळत, १ एप्रिल २०२२ पासून २ लाख, आणि गंभीर जखमीला ५० हजार. गाडी सापडली तर मात्र वीस-पंचवीस लाखांचा निवाडाही होतो. या दरीतच दलाल आपले दुकान थाटतो आणि विधवेला हिस्सा ठरवून खोट्या शपथपत्रावर अंगठा घेतो. तिच्या मजबुरीवर बोट ठेवण्यापूर्वी ही दरी बुजवली पाहिजे. १२ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ही रक्कम वाढवण्याचा विचार करण्यास केंद्र सरकारला सांगितले. त्याच निकालात नमूद झालेले आकडे डोळे उघडणारे आहेत. २०२२ मध्ये वाहन पळून गेल्याचे ६७ हजारांहून अधिक अपघात नोंदले गेले, आणि २०२२-२३ मध्ये या योजनेत आलेले अर्ज होते केवळ २०५. म्हणजे जे दोन लाख हक्काचे आणि हलालचे आहेत ते मागायला कोणी जात नाही, कारण कोणाला ठाऊकच नाही. हा अर्ज प्रांत अधिकारी किंवा तहसीलदाराकडे द्यायचा असतो. आपल्या जमातीच्या कार्यकर्त्यांनी एवढी माहिती जरी घरोघरी पोहोचवली तरी दलालाचे निम्मे गिऱ्हाईक कमी होईल.

सामान्य चालकाला काय भोगावे लागते

हप्त्यावर होणारा परिणाम वर सांगितलाच. दुसरा परिणाम संशयाचा. आमच्या कापडाच्या धंद्यात एखाद्या गावचे दोन व्यापारी पैसे बुडवून पळाले की त्या गावच्या प्रामाणिक व्यापाऱ्यालाही उधारी मिळत नाही. विम्यातही तसेच घडते. खोट्या दाव्यांनी पोळलेली कंपनी खऱ्या दाव्याकडेही चोराच्या नजरेने पाहते. अपघात रात्री का झाला, फिर्याद दोन दिवस उशिरा का दिली, फोटोत नंबर प्लेट का दिसत नाही, असे प्रश्न निघतात. तपासनीस नेमला जातो, गाडी दोन महिने गॅरेजमध्ये पडून राहते. ज्याची रोजी त्या गाडीवर आहे त्याने या दोन महिन्यांत खायचे काय? लबाड माणूस कागद तयार करूनच मैदानात उतरतो, म्हणून त्याचा दावा पुष्कळदा लवकर निघतो. कागद कमी पडतात ते साध्या माणसाचे. खोट्या गर्दीमुळे न्यायाधिकरणातल्या खऱ्या विधवेची तारीखही पुढे जाते, हे वेगळेच.

दीनाची सबब

आता त्या युक्तिवादाकडे वळू, जो आपल्यातले काही शिकलेले लोकही करतात. ते म्हणतात, विम्याचा धंदाच सूदाचा, कंपनीचा पैसा हराम, मग तिच्याकडून चार पैसे जास्त काढले तर गुनाह कसला?

विम्याबाबत उलमांमध्ये जुनी चर्चा आहे. त्यात व्याज, गरर म्हणजे अनिश्चितता, आणि जुगाराचा अंश असल्याचे आक्षेप आहेत. कायद्याने सक्तीचा असलेला विमा मजबुरी म्हणून घेण्यास अनेक मुफ्तींनी मुभा दिली आहे. परंतु कडक मत देणाऱ्यांपैकी अनेक जण काय सांगतात ते पाहा. ते म्हणतात, आपण भरले त्याहून अधिक घेऊ नका. ज्याला सूदाची एवढी भीती आहे त्याने या मताकडे जायला हवे. सूदाचे नाव घेऊन फुगवलेले बिल लावणारा दीनाचा उपयोग आपल्या सोयीसाठी करतो.

शिवाय करार तो करार. समोरचा कोण आहे यावर आपल्या सहीची किंमत ठरत नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. माप कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात एक पूर्ण सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. दावा अर्जावर खोटी हकीकत लिहून सही करणे ही खोटी साक्षच आहे, मग ती पोलीस ठाण्यात द्या की कंपनीच्या कार्यालयात.

त्याहून गंभीर बाब हुकूकुल इबादची, म्हणजे माणसांच्या हक्काची. एका माणसाचे दहा रुपये बुडवले तर त्याच्या दारी जाऊन माफी मागता येते, पैसे परत करता येतात. विम्याच्या पेटीतून खोटेपणाने काढलेले पैसे लाखो हप्तेकऱ्यांचे असतात. त्यांत विधवा आहेत, रिक्षावाले आहेत, कर्ज काढून टेम्पो घेतलेले तरुण आहेत. त्या सर्वांना कोठे शोधणार आणि माफी कशी मागणार? हा सौदा महागाचा आहे, हे कोणत्याही व्यापाऱ्याला कळायला हवे.

कंपन्यांनाही दोन शब्द

कंपन्या साव आहेत असे म्हणण्याचा हेतू नाही. पॉलिसीच्या अटी बारीक इंग्रजी अक्षरांत छापायच्या, विकताना 'सर्व काही मिळेल' असे सांगायचे आणि दाव्याच्या वेळी अट क्रमांक अमुक दाखवायची, हा व्यवहार मापात कमी देण्यासारखाच आहे. एजंट नेमताना चौकशी नाही, आणि त्याने घोटाळा केला की हात वर. मराठी आणि उर्दू वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत अटींचा एक कागद देणे कंपनीला जड जाऊ नये. पण कंपनीच्या अन्यायावर उपाय खोटे बिल नव्हे. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. तेथे दाद न मिळाल्यास नियामक प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' व्यवस्थेत किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे विमा लोकपाल आहे. मुंबई आणि पुणे येथे त्याची कार्यालये आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे चालतात. कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जावे.

आपण काय करावे

विम्याचे पैसे एजंटच्या हातात रोख देऊ नयेत, कंपनीच्या नावाने चेकने किंवा यूपीआयने भरावेत. बाजारभावापेक्षा फार स्वस्त पॉलिसी मिळत असेल तर तेथेच थांबावे, कारण थर्ड पार्टीचा दर सरकारी आहे, त्यात कोणी एजंट सवलत देऊ शकत नाही. पॉलिसी हाती येताच तिच्यावरचा क्यूआर कोड मोबाईलने तपासावा, आणि कंपनीच्या नोंदीत वाहनाचा प्रकार, इंजिन नंबर व चॅसिस नंबर तोच आहे ना, हे पाहावे. अर्जात काय लिहिले आहे ते सही करण्यापूर्वी वाचावे. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींकडून वाचून घ्यावे. गॅरेजमध्ये कोऱ्या दावा अर्जावर सही करू नये.

किरकोळ नुकसान खिशातून दुरुस्त करण्यात तोटा नसतो. समजा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ८,००० रुपये आहे आणि ५० टक्के बोनस जमा आहे. तीन हजारांच्या कामासाठी दावा केला तर पुढच्या वर्षीच ४,००० रुपये जास्त भरावे लागतील, आणि बोनस पुन्हा ५० टक्क्यांवर यायला पाच वर्षे लागतील. साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे.

टेम्पो व रिक्षा चालकांच्या संघटनांनी आणि व्यापारी मंडळांनी वर्षातून एकदा सर्व सभासदांच्या पॉलिसी एकत्र तपासून घेतल्या तर बनावट कागद एका दिवसात बाहेर पडतील. ज्याने असा कागद विकला त्याच्याविरुद्ध पोलिसांत फसवणुकीची फिर्याद द्यावी. "आपलाच माणूस आहे, जाऊ द्या" म्हणून झाकू नये, कारण त्याने फसवलेली माणसेही आपलीच आहेत. माल पाठवताना ज्या ट्रान्सपोर्टला आपण गाठी देतो त्याच्या गाडीचा विमा खरा आहे का, हे विचारण्याचा हक्क आणि गरज दोन्ही व्यापाऱ्याला आहेत.

मुस्लिम व्यापाऱ्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून व्यवहार करीत, असे आपण अभिमानाने सांगतो. तो विश्वास आपल्या वाडवडिलांनी तराजूवर आणि वहीत कमावला. आज तराजू कमी आणि अर्ज जास्त झाले आहेत. विम्याच्या अर्जातल्या रकान्यात खरे लिहिणे ही आजची मापातली सचोटी आहे. हप्ता कमी व्हावा, दावा लवकर मिळावा अशी आपली मागणी रास्त आहे. ती ठणकावून करण्याचा अधिकार आपल्याला राहावा, यासाठी आधी आपल्या ओट्यावरचे ते दुसरे वाक्य बंद झाले पाहिजे.